सवलतीच्या सीमेवर वसई : औद्योगिक वीजदर, शासकीय साहाय्य आणि लघुउद्योगांची काटकसर

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात भांडवल, जमीन आणि श्रम या घटकांची चर्चा विपुल झालेली आहे. त्या मानाने कारखानदाराच्या हाती दरमहा पडणाऱ्या वीजबिलाकडे अभ्यासकांचे लक्ष कमीच गेले. वास्तविक प्लॅस्टिकचे साचेकाम, धातूचे कातकाम, मुलामा, छपाई अशा छोट्या उद्योगांत कच्चा माल आणि मजुरी यांच्या खालोखाल खर्च होतो तो विजेवर. या खर्चाचा दर मात्र बाजारात ठरत नाही, तो शासन आणि नियामक आयोग यांच्या दारी ठरतो. म्हणूनच वीजबिल हे उद्योग आणि राज्यसंस्था यांच्या संबंधाचा एक महत्त्वाचा दस्तऐवज ठरते.

प्रस्तुत लेखात वसई-विरार परिसरातील लघुउद्योगांच्या संदर्भात या संबंधाचा मागोवा घेतला आहे. या परिसराची निवड सहेतुक आहे. वसई तालुक्याच्या पूर्वेस भिवंडीचा यंत्रमाग व्यवसाय असून त्याला धंद्याच्या नावाने वीजसवलत मिळत आली. ईशान्येस वाडा तालुका असून तेथे मागास प्रदेशाच्या नावाने सवलती मिळाल्या. या दोहोंच्या मध्ये असलेल्या वसईला धंद्याचेही नाव नाही आणि प्रदेशाचेही नाही. परिणामी शासकीय साहाय्य कोणत्या तत्त्वावर वाटले गेले, याची पारख वसईच्या गाळ्यांत जशी होते तशी ती लाभधारकांच्या गावी होत नाही.

स्वस्त विजेचा जुना व्यवहार

उद्योगांना स्वस्त वीज मिळावी म्हणून राज्यसंस्थेने पुढाकार घेण्याची परंपरा स्वातंत्र्यपूर्व काळापासूनची आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांना कोळशावरील वाफेच्या शक्तीपेक्षा स्वस्त शक्ती मिळावी या हेतूने टाटांची जलविद्युत योजना आकाराला आली आणि १९१५ मध्ये खोपोली येथील वीज मुंबईस पोहोचली. पुढे भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही केंद्रे उभी राहिली. या योजनांसाठी सरकारने रोख अनुदान दिले नाही. सरकारने दिला तो भूसंपादनाचा अधिकार. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात केलेला सत्याग्रह हा या व्यवहाराचा दुसरा भाग होय. गिरणीच्या बिलात जी बचत दिसली तिची किंमत मावळातील जमिनीने चुकती केली. औद्योगिक वीजसवलतीचा विचार करताना ‘ही किंमत कोण देतो’ हा प्रश्न तेव्हापासून विचारावा लागतो.

वसईच्या बाजूस विजेची पहिली ठळक खूण रेल्वेमार्गावर उमटली. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची विजेवरील उपनगरी गाडी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत धावू लागली आणि १९३६ मध्ये ती विरारपर्यंत आली. मुंबईशी जोडणारी ही गाडीच पुढे वसईच्या औद्योगिकीकरणास कारणीभूत झाली. स्वातंत्र्योत्तर काळात १९४८ च्या वीज (पुरवठा) अधिनियमाने राज्य विद्युत मंडळांची कल्पना मांडली आणि २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. मंडळाच्या वीजदरांत उद्योगांकडून खर्चाहून अधिक आकारावयाचे आणि त्या अधिकातून शेतीपंप व अल्प वापराचे घरगुती ग्राहक यांचा भार हलका करावयाचा, ही पद्धती रूढ झाली. व्यवहारात तिला क्रॉस सबसिडी म्हणतात. कारखानदारांच्या सभांतून ‘उद्योगांना सवलत’ हा शब्द ऐकू येतो तेव्हा हे ध्यानी घ्यावे लागते की, महाराष्ट्रातील औद्योगिक ग्राहक हा प्रथम देणारा असून नंतर क्वचित घेणारा आहे.

गाळ्यांची वसाहत

वसईच्या पूर्वेस वालीव, गोखिवरे, सातिवली, नवघर, पेल्हार, कामण या पट्ट्यात उभी राहिलेली औद्योगिक वस्ती ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची निर्मिती नव्हे. याच जिल्ह्यातील तारापूर येथे महामंडळाने आखीव भूखंड, रस्ते व पाणी यांसह वसाहत वसवली. वसईत मात्र खासगी विकासकांनी इमारती बांधून गाळे विकले. मुंबईतील जागेचे वाढते दर, तेथील जकात आणि १९८२ च्या संपानंतर गिरणगावाची झालेली वाताहत यांमुळे लहान कारखाने उत्तरेकडे सरकले. महामार्ग आणि पश्चिम रेल्वे ही दोन्ही साधने हाताशी होती. जुलै २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन होईपर्यंत या पट्ट्यातील बराच भाग ग्रामपंचायतींच्या हद्दीत होता.

या घडणीचा वीजबिलाशी थेट संबंध आहे. एका इमारतीत अनेक गाळे, प्रत्येक गाळ्याचा स्वतंत्र लघुदाब मीटर आणि प्रत्येकाचा जोडभार थोडा, अशी ही रचना आहे. मोठ्या कारखान्याप्रमाणे उच्चदाबाने एकत्र वीज घेऊन दरात फरक पाडणे गाळेधारकास शक्य होत नाही. वीज कायदा, २००३ ने खुल्या बाजारातून वीज घेण्याची मुभा दिली. तथापि ती व्यवहारात एक मेगावॉट व त्यावरील मागणीच्या ग्राहकांसाठी होती आणि तीवर क्रॉस सबसिडीचा अधिभारही होताच. गाळ्यातील उद्योजकापर्यंत ही मुभा पोहोचणे शक्य नव्हते.

येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. आजच्या पालघर जिल्ह्याच्या भूमीवर देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून तारापूर येथे कार्यरत झाले. डहाणू येथील ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र १९९० च्या दशकात उभे राहिले व त्याची वीज मुंबईच्या उपनगरांकडे गेली. वीज जिल्ह्यात निर्माण झाली म्हणून जिल्ह्यातील कारखान्यास ती स्वस्त पडली, असे घडले नाही. वीज सर्व स्रोतांतून एकत्र खरेदी होते आणि दर सरासरीने ठरतो, हे तांत्रिक उत्तर बिनचूकच आहे. मनोऱ्यांच्या ओळी डोक्यावरून जाताना पाहणाऱ्या उद्योजकाचे त्याने समाधान होत नाही, हेही तितकेच खरे.

धंद्याची सवलत आणि प्रदेशाची सवलत

शासकीय साहाय्याचे महाराष्ट्रात दोन मार्ग प्रमुख राहिले. पहिला मार्ग धंद्याचा. भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी येथील यंत्रमागांना शासनाने दीर्घकाळ सवलतीच्या दराने वीज दिली व फरकाची रक्कम वीज कंपनीस भरून दिली. यंत्रमाग हा शेतीखालोखाल रोजगार देणारा विकेंद्रित व्यवसाय, ही त्यामागील भूमिका होती. भिवंडीत जानेवारी २००७ पासून वितरणाचे काम टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून गेले, तरी यंत्रमागधारकांची सवलत शासनाकडेच राहिली. मार्च २०२४ मध्ये २७ अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रमागांना प्रतियुनिट १ रुपया आणि त्याहून अधिक जोडभाराच्या यंत्रमागांना ७५ पैसे अशी अतिरिक्त सवलत देण्याचा निर्णय झाला. २७ अश्वशक्ती म्हणजे सुमारे २० किलोवॉट. वसईच्या असंख्य गाळ्यांचा जोडभार याच मर्यादेच्या आसपास असतो. तथापि त्यांत माग नसून साचा किंवा लेथ असतो, एवढ्यावरून ते या सवलतीच्या बाहेर राहतात.

दुसरा मार्ग प्रदेशाचा. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत या हेतूने शासनाने १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आणली व कालांतराने तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तालुक्यांचे विकसित ते मागास असे गट पाडून विक्रीकर, विद्युत शुल्क इत्यादींत सवलती देण्यात आल्या. वाडा तालुक्यात कारखाने उभे राहिले ते मुख्यत्वे या सवलतींच्या आकर्षणाने. मुंबई महानगर प्रदेशातील क्षेत्रे मात्र या योजनेने विकसित मानली आणि वसईच्या औद्योगिक पट्ट्यावर हाच शिक्का बसला. गावात ग्रामपंचायत, रस्ता कच्चा, पाणी टँकरचे आणि नोंद मात्र महानगराची, अशी वसईची दीर्घकाळ अवस्था होती.

जून २०१६ मध्ये शासनाने विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्र तसेच ‘ड’ आणि ‘ड प्लस’ वर्गातील तालुक्यांतील उद्योगांना त्या वर्षीच्या एप्रिलपासून वीजदरात प्रतियुनिट सवलत देण्याचा निर्णय घेतला. शेजारच्या राज्यांतील दर कमी असल्याने तेथील उद्योग स्थलांतर करीत आहेत, हे त्याचे समर्थन होते व त्यात तथ्य होते. या योजनेचा वार्षिक खर्च पुढे १,२०० कोटी रुपयांच्या मर्यादेत बांधण्यात आला. सवलत युनिटामागे असल्याने ज्याचा वापर प्रचंड त्याचा लाभ प्रचंड, हे ओघानेच आले. पोलादाच्या भट्ट्यांकडे मोठा वाटा जातो व लहान उद्योगांकडे थोडा, अशी टीका झाली ती यामुळेच. पालघर जिल्ह्यापुरते पाहिले तर एकाच जिल्हाधिकाऱ्यांच्या कक्षेतील जव्हार-मोखाडा सवलतीच्या गटात आणि वसई त्याबाहेर, असे चित्र तयार झाले. आदिवासी तालुक्यांना अग्रक्रम देण्यात गैर काहीच नाही. प्रश्न उरतो तो इतकाच की, जेथे कारखाने जवळजवळ नाहीत तेथे दिलेली वीजसवलत ही प्रामुख्याने आशा असते, प्रत्यक्ष साहाय्य नव्हे.

२०१४ : दहा महिन्यांचा अपवाद

वसईच्या उद्योजकास धंदा वा प्रदेश न पाहता शासकीय वीजसवलत मिळाली असा ठळक प्रसंग एकच, तो २०१४ सालचा. सप्टेंबर २०१३ मध्ये वीज नियामक आयोगाने महावितरणला मागील खर्चाच्या वसुलीस मान्यता दिल्यानंतर औद्योगिक बिले एकाएकी वाढली. उद्योजकांच्या व वीज ग्राहकांच्या संघटनांनी राज्यभर आंदोलने केली. नारायण राणे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दर कमी करण्याच्या उपायांचा विचार केला आणि जानेवारी २०१४ मध्ये पृथ्वीराज चव्हाण यांच्या मंत्रिमंडळाने महावितरणच्या औद्योगिक ग्राहकांसह अनेक वर्गांसाठी २० टक्क्यांपर्यंत दरकपात जाहीर केली. यासाठी दरमहा ७०६ कोटी रुपयांचा भार येणार होता. त्यांपैकी ६०६ कोटी शासनाने आणि १०० कोटी महानिर्मिती कंपनीने सोसावयाचे असे ठरले.

या निर्णयाची कायदेशीर चौकट समजून घेणे आवश्यक आहे. वीज कायद्याच्या कलम ६५ नुसार आयोगाने ठरविलेल्या दराहून कमी दर कोणत्याही वर्गास द्यावयाचा असेल तर शासनाने ती रक्कम वीज कंपनीस आगाऊ दिली पाहिजे. रक्कम न आल्यास आयोगाचा दर आपोआप लागू होतो. म्हणजे सवलत ही दरात मुरलेली नसून बिलावरील एक वेगळी ओळ असते, आणि तिजोरीतून पैसे येणे थांबले की ती ओळ नाहीशी होते. झालेही तसेच. ऑक्टोबर २०१४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर सत्तांतर झाले आणि त्या वर्षअखेरीस उद्योगांची ही सवलत बंद पडली. मागणीच्या निविदा आणि मालाचे भाव वर्षभरासाठी ठरवून बसलेल्या लहान पुरवठादारास याचा फटका बसला. मोठ्या कंपनीस सुटे भाग पुरविणारा गाळेधारक दर उतरले की भाव उतरवतो, कारण खरेदीदार तसे मागतो. दर पुन्हा चढले म्हणून भाव चढवून मागण्याची ताकद त्याच्याकडे नसते. अल्पकाळाच्या सवलतीचा लाभ अशा वेळी साखळीच्या वरच्या टोकास जातो.

वीजसवलतींच्या घोषणांचा कालक्रमही बोलका आहे. शेतीपंपांना मोफत वीज २००४ मध्ये जाहीर झाली व निवडणुकीनंतर पुढच्याच वर्षी मागे घेण्यात आली. सार्वत्रिक दरकपात २०१४ ची आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची नवी योजना २०२४ ची. तिन्ही वर्षे विधानसभा निवडणुकीची होती.

करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये आयोगाने औद्योगिक व वाणिज्यिक ग्राहकांच्या स्थिर आकारास तीन देयकांपुरती स्थगिती दिली. टाळेबंदीत यंत्रे बंद असताना हा आकार भरणे अशक्यप्राय होते, त्यामुळे ही सोय स्वागतार्ह ठरली. मात्र स्थगिती म्हणजे माफी नव्हे, हे अनेकांस नंतरच्या बिलांनी शिकवले. या संदर्भात ब्रिटनचे उदाहरण उपयुक्त आहे. युक्रेन युद्धानंतर ऊर्जेचे दर भडकले तेव्हा तेथील सरकारने ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ या सहा महिन्यांसाठी सर्व बिगरघरगुती ग्राहकांचा दर नियंत्रित केला. धंदा वा प्रदेश पाहिला नाही. नंतरच्या वर्षी मात्र साहाय्य आखडले आणि ऊर्जेचा अधिक वापर करणाऱ्या उद्योगांकडे झुकले. मुदत आधीच जाहीर असल्याने व्यावसायिकास निदान हिशोब मांडता आला. महाराष्ट्रातील २०१४ च्या सवलतीत नेमकी हीच गोष्ट नव्हती.

काटकसरीचे मार्ग

शासकीय हात तोकडा पडला तेथे वसईच्या उद्योगाने स्वतःच्या कारभारात खर्च कमी करण्याचे मार्ग शोधले. त्यांतील काही सक्तीतून आले. वीजटंचाईच्या काळात निरनिराळ्या औद्योगिक क्षेत्रांना आठवड्याची सुटी निरनिराळ्या वारी देण्यात आली, जेणेकरून साऱ्यांचा भार एकाच दिवशी येऊ नये. वसईच्या वाट्याला शुक्रवार आला. टंचाई सरली तरी ही सुटी अंगवळणी पडून राहिली. स्टेशनच्या पश्चिमेकडील गावांत रविवारी सकाळी चर्चच्या घंटा वाजतात त्या वेळी पूर्वेकडील गाळ्यांत यंत्रे सुरू असतात, हे दृश्य वीजव्यवस्थापनाच्या इतिहासाचाच एक अवशेष आहे.

दाभोळ प्रकल्पाची वीज घेणे मंडळाने मे २००१ मध्ये थांबविले, नव्या निर्मितीची भर पुरेशी पडली नाही आणि २००५ नंतर राज्यात तीव्र भारनियमन सुरू झाले. या वर्षांत वसईच्या उद्योजकाचा खरा खर्च बिलात दिसतच नव्हता. तो डिझेल जनित्राच्या टाकीत आणि अर्धवट थंड झालेल्या साच्यात होता. प्लॅस्टिक वितळलेले असताना वीज गेली की यंत्राचा नळकांडा गोठतो, तो साफ करून पुन्हा तापविण्यात तास जातात व माल वाया जातो. थकबाकी व गळती कमी असलेल्या भागांना २०१२ च्या अखेरीस भारनियमनातून मुक्ती मिळाली, ती अनेकांना कोणत्याही अनुदानापेक्षा मोलाची वाटली असल्यास नवल नाही.

दुसरा मार्ग पॉवर फॅक्टरचा. मोटारी व वेल्डिंगची यंत्रे प्रत्यक्ष कामास लागणाऱ्या शक्तीहून अधिक प्रवाह ओढतात. योग्य क्षमतेचे कपॅसिटर बसविले की तो ओढा कमी होतो. आयोगाच्या दरपत्रकात पॉवर फॅक्टर ०.९० खाली गेल्यास दंड आणि ०.९५ च्या वर नेल्यास बिलात सूट अशी तरतूद होती. अल्प खर्चात वसूल होणारी ही गुंतवणूक असल्याने ती सर्वदूर पसरली. उच्चदाब ग्राहकांसाठी एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीची आकारणी सुरू झाली. सूट स्वतंत्रपणे मिळेनाशी झाली आणि कपॅसिटरची निगा ही मात्र नित्याची गरज बनली.

तिसरा मार्ग वेळेचा, आणि तो सामाजिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा आहे. वेळेनुसार दर आकारणीत अनेक वर्षे रात्री १० ते सकाळी ६ या काळात प्रतियुनिट दीड रुपयांची सूट होती. सकाळी ९ ते १२ या वेळात ८० पैसे व सायंकाळी ६ ते १० या वेळात १ रुपया १० पैसे अधिक द्यावे लागत. त्यामुळे रात्रपाळी ही उत्पादनाची गरज राहिली नाही, ती बिलाची गरज झाली. या बचतीची किंमत कामगाराच्या झोपेने भरली. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६६ ने स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर दीर्घकाळ निर्बंध ठेवला होता. त्यामुळे स्वस्त विजेचे तास हे पुरुषांचेच तास ठरले. जोडणी, तपासणी, वेष्टन या स्त्रियांच्या हातची कामे महाग विजेच्या दिवसात उरली. दरपत्रक आखणाऱ्यांच्या मनात स्त्री-पुरुष भेद नसेलही, त्याचा परिणाम मात्र भेद करणारा झाला.

२०२५ मध्ये आयोगाच्या आदेशांनी ही घडी उलटवली. सौरऊर्जेची निर्मिती वाढल्याने स्वस्त तास रात्रीवरून दिवसाकडे, सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेकडे वळविण्यात आले आणि सायंकाळ महाग झाली. हे आदेश पुढे वादात सापडले. सतत चालणारी भट्टी वा साचेयंत्र दिवसापुरते बांधता येत नाही, रात्रीच्या दराच्या भरवशावर घेतलेली यंत्रे व नेमलेली माणसे एका आदेशाने हलविता येत नाहीत, हा उद्योगाचा आक्षेप होता. याउलट एकाच दिवसपाळीत चालणाऱ्या लहान गाळ्यास, त्याचा मीटर वेळेनुसार नोंद घेणारा असल्यास, ही व्यवस्था प्रथमच अनुकूल पडण्याची शक्यता निर्माण झाली.

छतावरील सौर संचाचा विचार याच ओघात येतो. राज्यात २०१५ पासून नेट मीटरिंगचे विनियम लागू झाले आणि ज्यांच्या मालकीची स्वतंत्र शेड आहे अशा वसईतील कारखान्यांना छतावर वीज निर्माण करून बिलातून वळती करण्याचा मार्ग खुला झाला. तीन-चार मजली औद्योगिक इमारतीत मात्र छत एक आणि गाळेधारक अनेक असतात. छत सोसायटीचे असते, पावसाळ्यात गळते म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यावर पत्र्याचे आच्छादन असते आणि त्याच्या वाटणीवरून तळमजल्याचा व वरच्या मजल्याचा वाद असतो. वालीव किंवा गोखिवरे येथील गाळेधारकापुरता वीजखर्चाचा प्रश्न अशा रीतीने मंत्रालयातून निघून सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत येऊन पोहोचलेला आहे.